बेल ब्रेतॉनची अब्रू

केरवेलाने मादेकच्या हातातला चाकू हिसकावून घेतला. पाण्याच्या वर हातभर, जहाजाच्या फळीत चांगली वीतभर खाच पडली होती.

“बेल ब्रेतॉनला चाकू लावतोस?” म्हातारा गुरगुरला. “आजीला लावशील का स्वतःच्या?”

“आजी मला अडवत नाही, काका. मला घरी जायचंय.”

“मग आम्ही काय इथे हौसेने राहिलोय? म्हणून जहाज पोखरायचं?”

ब्रेस्टच्या गोदीतून बेल ब्रेतॉन पाण्यात उतरली, तेव्हापासून तोफची केरवेला तिच्यावर होता. मार्टिनिक बेटाजवळ ती एकटी तीन इंग्रज जहाजांना भिडली होती आणि त्यांतल्या दोन जहाजांना तिने पळता भुई थोडी केली होती. वादळात सुकाणू मोडलं, तरी तिने साऱ्यांना सुखरूप घरी आणलं. हे सांगताना म्हाताऱ्याची छाती फुगायची, आणि ऐकणारे पांगले तरी त्याचं तोंड थांबायचं नाही.

वर पहारेकऱ्याचे बूट वाजले. केरवेलाने नुसती हाक मारली असती, तर मादेकच्या पाठीची सालटी निघाली असती.

मादेकने त्याचा हात धरला. “काका, मुलगी झालीय मला. अजून तोंड नाही पाहिलं तिचं.”

 केरवेला खाचेला पाठ लावून बसला आणि मांडीवर सदरा घेऊन शिवायला लागला. पहारेकरी जिन्यावरून डोकावला, वासाने नाक मुरडलं आणि परत गेला.

“इथे नको,” म्हातारा पुटपुटला. “हे ओकचं टणक लाकूड आहे, कापता कापता माझ्याएवढा म्हातारा होशील. पुढच्या बाजूला एक फळी मऊ पाइनची आहे. मीच बसवलीय.”

तिथे गेल्यावर त्याने चाकू मादेकला दिलाच नाही, स्वतःच चालवला. पहिला घाव घालताना त्याचे डोळे भरून आले. हात मात्र थांबला नाही.

मादेकला राहवेना. “हात कसा धजतो हो तुमचा? आत्ता तर मला खाऊ की गिळू करत होतात!”

“तिच्या अब्रूचा प्रश्न आहे, गाढवा,” केरवेला म्हणाला. “इंग्रजांनी तिला पकडलं, डोलकाठ्या तोडल्या, पोर्ट्समथ बंदराच्या चिखलात रुतवून तिचा तुरुंग केला, म्हणून काय ती आपल्याच माणसांना डांबून ठेवील?”