पाचपेडी वेणी

सरकारी बालसुधारगृहाच्या अंगणातल्या पायरीवर अधीक्षक शेरकरबाई बादलीत हात घालून बसल्या होत्या. सुटून गेलेल्या मुलींच्या फायली मुदत संपली की नष्ट करायच्या, असा कायदाच होता. बाई त्या भिजवत. शाई सुटायची, नावं निळ्या धुरासारखी पाण्यात तरंगायची आणि विरून जायची.

"बाई, मला नोकरी लागतेय," फाटकाशी उभी राहिलेली तरुणी म्हणाली. "चौकशी होईल. इथून माझं काही निघणार नाही ना?"

बाईंनी वर पाहिलं. "नाव काय तुमचं?"

तिचा चेहरा पडला. "ओळखलं नाहीत? मी केतकी. दोन वर्षं इथंच होते की!"

"या नावाचं इथं कधीच कुणी नव्हतं," बाई अगदी हळू म्हणाल्या.

केतकीची नजर बादलीतल्या निळ्या पाण्यावर गेली. मग उमगलं तसे तिचे डोळे भरून आले. वाकून नमस्कार करून ती मागे न बघता निघाली.

तिच्या पाठीवर पाचपेडी वेणी झुलत होती. ती घालायला बाईंनीच शिकवलं होतं, रोज सकाळी, याच पायरीवर बसून.

केतकी वळणाआड गेली, तरी बाईंची ओली बोटं हवेत पाच पेड गुंफत राहिली.