आथूचा अर्धा फोटो

‘कार्ड वाचता येत नाही. सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायची का?’ कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रश्न उमटला. खाली दोन पर्याय होते, हो आणि नाही.

“बघा,” योंगफू म्हणाला. “यात पक्षी नाही की पक्ष्याचं पीस नाही. कालपासून सांगतोय.”

देवळाच्या अंगणात, वडाखालच्या दगडी मेजाभोवती तिघं बसली होती. योंगफूनं जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडल्या होत्या. आथूचा शेंगदाण्याचा तेलघाणा होता. आणि वेई बाई गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. म्हातारपणी तिघांना एकच वेड लागलं होतं, पक्ष्यांचे फोटो काढायचं.

काल आथूनं गावभर सांगितलं होतं, की बांबूच्या बनात त्यानं अष्टरंगी टिपला. उन्हाळ्यात समुद्र ओलांडून येणारा तो लाजरा पक्षी. योंगफू चार वर्षं त्याच्या मागावर होता, त्याच्यासाठी त्यानं हातभर लांब लेन्स घेतली होती. आथूकडे लेकीनं अडगळीत टाकलेला जुना कॅमेरा.

गावाच्या वेशीवर यंदा अष्टरंगीचा मोठा फलक लागणार होता. फोटो द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. आणि काल दुपारपासून सगळं गाव आथूला थापाड्या म्हणत होतं.

“अरे, मी तुझ्या शेजारीच होतो ना?” योंगफू म्हणाला. “पहाटे पाचपासून दुपारपर्यंत. जागचा हललो नाही. डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.”

“माझ्या घाण्याचं नसेल ते,” आथू म्हणाला.

वेई बाईंच्या हातातला चहा हसण्यानं हिंदकळला. काल त्या पाणी आणायला डोंगराखाली उतरल्या होत्या. तेवढ्यातच पक्षी आला, असं आथूचं म्हणणं.

“मग मला हाक का मारली नाहीस?” योंगफूनं विचारलं.

“नियम तुझाच. पक्षी समोर असला की आवाज करायचा नाही, शेजाऱ्याला हात लावायचा नाही. बाई शिंकल्या होत्या तेव्हा तूच केलास.”

“बसला होता कुठं?”

“जवळच.”

“किती जवळ?”

आथूनं एक शेंगदाणा तोंडात टाकला. “लई जवळ.”

योंगफूनं मान चोळली. कालपासून ती अवघडली होती.

“योंगफू, ऐक,” आथू हळूच म्हणाला. “ते यंत्र विचारतंय ना, त्याला ‘हो’ म्हण आणि टाक पुसून. मी थाप मारली म्हणून गावात सांगेन.”

योंगफूचं बोट थांबलं. “अस्सं! चोराच्या मनात चांदणं! आता तर हे कार्ड उघडल्याशिवाय मी उठायचा नाही. बाई, खोडरबर आहे का?”

“मास्तरणीला खोडरबर विचारतोस?” वेई बाईंनी पिशवीतून काढून दिलं.

योंगफूनं कार्ड बाहेर काढलं. कडेची कुलपाची खिट्टी जागेवर होती, म्हणजे दोष तिचा नव्हता. मागच्या तांबूस पट्ट्या मात्र तेलानं चकाकत होत्या.

“शेंगदाणे खाता खाता कार्ड काढलंस?”

“काढलं असेल.”

“आणि लाल दिवा लुकलुकत असताना?”

“लुकलुकत होता खरा. बाईंच्या कॅमेऱ्यात घालून त्यांना दाखवायची घाई झाली होती.”

“गाढवा! फोटो उतरत असताना कार्ड ओढलं की अनुक्रमणिका फाटते. पानं आत असतात, पण कुठलं कुठं ते कळत नाही. नंतर यावर एखादा फोटो काढलास का?”

“एकही नाही.”

“तेवढी तरी अक्कल होती म्हणायची.”

पट्ट्या खोडरबरानं पुसून, कोरड्या फडक्यानं झाडून त्यानं कार्ड पुन्हा घातलं. तोच प्रश्न. मग त्यानं घरून संगणक आणला आणि हरवलेली पानं शोधणारा प्रोग्रॅम चालू केला. आकडे सरकू लागले. हळूहळू तो भांडण विसरला. वादळात तुटलेली तार जोडावी आणि पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हणावं, तो जुना आनंद त्याच्या बोटांत परत आला होता.

“राहू दे रे,” आथू पुन्हा म्हणाला.

“गप बस. निघालं!”

तेलघाणा निघाला. कलिंगड खाणारी आथूची नात निघाली. नाक मुरडलेल्या, शिंकेच्या बेतातल्या वेई बाई निघाल्या. “हा कधी काढलास, मेल्या?” त्यांनी आथूच्या पाठीत धपाटा घातला. पाचाला वीस मिनिटं होती. शेवटी बांबूचं बन निघालं.

तो फोटो वरून खाली, इंच इंच उलगडू लागला. बांबूची पानं. तपकिरी डोकं. चोचीत लोंबणारं गांडूळ. हिरवी पाठ, पंखावरची निळी चमक, पोटाखालचा लाल रंग.

“आहे!” योंगफू ओरडला. खुर्ची मागे कलंडली. ज्याला खोटं पाडायला बसला होता त्यालाच त्यानं मिठी मारली. “आहे रे आहे! डोळ्यातला ठिपकासुद्धा दिसतोय! हरलो मी, आथू. थापाड्या मी!”

“अजून अर्धा उघडायचाय,” आथू म्हणाला.

“उघडेल की! वेशीवर हाच लागणार. दोन पुरुष उंच! मी स्वतः नेऊन देतो, आत्ता. कुणी नाही म्हणालं तर गाठ माझ्याशी!” देवळातली माणसंही आवाज ऐकून मेजाभोवती गोळा झाली. “या, या, बघा! आथूचा पक्षी बघा!”

फोटोचा खालचा भाग उलगडला. पक्षी फांदीवर बसलाच नव्हता. तो हातभर लांब लेन्सच्या टोकावर ऐटीत उभा होता, आणि लेन्सच्या मागे, मान खांद्यावर टाकून, तोंडाचा आ वासून, योंगफू गाढ झोपला होता.