टॅमची ओळख

ग्लासगोच्या इस्पितळात शिकाऊ नर्स म्हणून आयलाची ती पहिलीच सकाळ होती. रस्त्यावर गारठून मेलेल्या एका म्हाताऱ्याचं अंग पुसायचं काम तिला आणि वर्गातल्या फिओनाला मिळालं.

"शी, केवढा वास मारतोय!" फिओनानं नाक धरलं.

आयलानं म्हाताऱ्याच्या कपाळावरून ओलं फडकं फिरवलं. तो टॅम होता. दोन हिवाळे तो पुलाखाली तिच्या शेजारी झोपला होता. "इथं मरू नकोस, पोरी, शीक," म्हणत त्यानंच तिला बेघर मुलांना शिकवणाऱ्या संस्थेच्या दारापर्यंत ओढत नेलं होतं. वर्गात यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सिस्टर आत डोकावल्या. "ओळखतं का गं याला कुणी?"

"नाही, सिस्टर," आयला म्हणाली, आणि त्याचे थंडगार पाय दोन्ही हातांनी चोळत राहिली.