सात मेंढ्यांचा आळ

"लांडग्याशी वैर धरावं पोरी, पण त्याच्यावर आळ घेऊ नये." वडील हे म्हणाले तेव्हा मेंढीवाल्या काकू कोकराएवढ्या होत्या. आज शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसल्या असताना तो आवाज कानाशी आला आणि हलेचना.

सभा लांडग्यावरच होती. परवा पहाटे काकूंच्या सात मेंढ्या कुंपणात मरून पडल्या होत्या. लांडग्याला गोळी घालायची तर परवानगी हवी, आणि अर्जावर ज्याचं नुकसान त्याचीच सही हवी. अर्ज वनखात्याच्या मॅडमपुढे टेबलावर होता, पेन त्याच्यावर आडवं.

शिंप्याचं म्हणणं, शहरातल्यांना लांडग्याचा एवढा पुळका असेल तर त्यांनी तो आपल्या दिवाणखान्यात नेऊन बांधावा. मास्तरांनी सांगून पाहिलं, लांडगा आहे म्हणून रानडुकरं आटोक्यात आहेत. त्यावर कोणीतरी त्यांना विचारलं, मास्तर, तुमच्या मेंढ्या किती? मास्तर खाली बसले. मग मॅडमनीच शंका काढली, की सातांतली एकही खाल्लेली कशी नाही?

"डाएटवर असेल," मागून कोणी म्हणालं, आणि वर्ग खदखदून हसला.

काकू हसल्या नाहीत. परवा, कोणी उठायच्या आत, त्यांनी कोमट पाण्याने आपल्या कुत्र्याचं, गोंड्याचं, तोंड धुतलं होतं. दाढेत अडकलेली लोकर बोटाने काढली होती. गोंड्या मान वर करून उभा होता, जेवल्यावर लेकरू तोंड पुसून घेतं तसा. नवरा गेल्यापासून त्या घरात काकूंखेरीज श्वास घेणारा तो एकटाच. आणि कळपाचं रक्त चाखलेला कुत्रा जिवंत ठेवायचा नसतो, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मतं घेतली. एकेक करत सगळे हात वर गेले, मास्तरांचासुद्धा, जरा उशिराने. धाकटे दीर तर दोन्ही हात वर करून उभेच राहिले.

"करा सही, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्या सात लेकी गेल्या. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

खरोखरच होते. उभ्या आयुष्यात एवढी माणसं काकूंच्या पाठीशी कधी उभी राहिली नव्हती. त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या. पेन उचललं, टोपण काढलं. अर्जावर 'लांडगा' हा शब्द तीनदा आला होता. त्यांनी तो तिन्ही वेळा वाचला, आणि टोपण पुन्हा लावून पेन होतं तिथे ठेवलं.

"लांडगा आलाच नव्हता. आमच्या गोंड्याने केलं."

दिरांना हात खाली घ्यायचं सुचेना. मॅडम काही बोलणार, तोच काकूंनी तळहात पुढे करून त्यांना थांबवलं.

"बंदूक घेऊन या घरी. पण हाक मी मारीन. परक्याच्या हाकेला तो येत नाही."