हिरवा ठिपका

"वर्षभर न उघडलेली ऑनलाइन खाती कंपनी पुसून टाकणार," मी पेपर वाचत म्हणाले. "किती निर्दय!"

"त्यात काय निर्दय?" आई धिरडं उलटत म्हणाली. "गेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावरून काढतोच ना आपण?"

"त्यात फोटो असतात गं, मेसेज असतात."

"मग आधीच छापून घ्यावेत. आळशी कुठली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं हृदय थांबलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या काकूंनीच सगळ्यांना कळवलं.

तेव्हापासून दर महिन्याला मी तिचं खातं उघडते आणि काही न लिहिता बंद करते. ते पुसलं जाऊ नये, एवढ्यासाठी.

आज उघडताच अकोल्याच्या मामाचा मेसेज आला. "ताई, तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतोय."

मामाने स्वतः तिला खांदा दिला होता.

खाली आणखी एक ओळ उमटली. "ताई, बोल ना."

मी त्याला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"मामा, ते खातं मी उघडलं होतं," मी म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच, "आई गेली, मामा."