एका शब्दाचा अर्थ

परदेशातल्या वृद्धाश्रमात ती सेवेला गेली होती. सुट्टीच्या दिवशी डोंगर पालथे घालायची, एरवी एका आजींना भरवायची. तिथल्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. प्रत्येक घासाला आजी एकच शब्द पुटपुटायच्या. ‘आणखी’ म्हणत असणार, असं धरून ती पुढचा घास द्यायची, आणि तिच्याच अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा नर्सने ते ऐकलं. म्हणाली, “अगं, त्या ‘पुरे’ म्हणतायत.”

संध्याकाळी तिने नेहमीसारखा घरी फोन लावला.

“कशी आहेस, आई?”

“मजेत. तू तिथलं बघ.”

एरवी एवढ्यावर ती फोन ठेवायची. आज विचारलं, “मजेत म्हणजे काय गं?”

आई म्हणाली, “वेळ आहे तुला?”