मी थांबले नाही

लायल हॉचकिस माइकपाशी गेला आणि अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरलेल्या गावसभेतली कुजबुज आपसूक थांबली. त्याच्या बायकोचं काय झालं, ते काउंटीला, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला, ठाऊक होतं.

“दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “मार्नीला एका गाडीनं चौकात उडवलं आणि चालवणारा पळाला. पुढं सापडला. देशात राहायचे कागद नाहीत, लायसन्स नाही. मार्नी पस्तीस मिनिटं बर्फात पडून होती. आज तिला मी चमच्यानं भरवतो. आणि तुम्ही मला विचारताय, बिनकागदाच्या लोकांना गाडी चालवायचं लायसन्स द्यावं का?”

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, “बोट दिलं की हात धरतात हे!”

“तुझ्या गाईंना विचार ना, बिल, त्यांचं दूध कोण काढतं ते!” दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं. हशा पिकला. अध्यक्षबाईंनी टेबलावर थाप मारली आणि यादीतलं पुढचं नाव घेतलं, “डोमितिला...” आडनावापाशी त्या अडखळल्या.

डोमितिला उठली. पहाटेपासून दोनशे गाईंच्या धारा काढून, अंघोळ करून ती आली होती. गोठ्यावरचं दुसरं कोणी आलं नव्हतं. काहींची कामाची पाळी होती, काहींना पकडले जाण्याची भीती होती. तिच्या हातात कागद होता. मुलीचा दात दुखला तेव्हा दवाखान्यात कसं जायचं, दुकान किती लांब आहे, सगळं त्यात होतं. चर्चमधल्या सिस्टरनी इंग्रजी नीट करून दिलं होतं. पण त्या माणसाच्या बोलण्यानंतर दाताचं काय सांगायचं? तिनं कागदाची घडी घातली.

“मी लिहून आणलं होतं, ते वाचत नाही,” ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. “गेल्या जानेवारीत मी गाडीनं कामावर चालले होते. पुलापाशी एक गाडी उलटली होती. चाकं वर, दिवे चालू. आत कोणीतरी हलत होतं. मी वेग कमी केला. मग मनात आलं, थांबले तर पोलीस येणार, लायसन्स मागणार. घरी दोन मुली झोपलेल्या होत्या. मी थांबले नाही.”

हे तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. तिनं माइकचा दांडा धरला.

“पुढच्या पंपावरून फोन केला. नाव सांगितलं नाही. या साहेबांच्या बायकोला टाकून जो पळाला, त्याला माफ करा असं मी म्हणत नाही. मलाही करू नका. पण माझ्याकडे लायसन्स असतं ना, तर मी थांबले असते.”

“आतलं माणूस वाचलं का?” लायलनं जागेवरूनच विचारलं.

“माहीत नाही. विचारणार कोणाला?”

मतदान झालं. लायसन्स द्यावं असं सरकारला कळवायचा ठराव दोन मतांनी पडला.

ती बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती. सभेत दाराशी हाताची घडी घालून उभा असलेला पोलीस आता फाटकाजवळ आपल्या गाडीत बसला होता. डोमितिला तिच्या जुन्या व्हॅनमध्ये बसली, किल्ली लावली, पण फिरवेना. आपण लायसन्सशिवाय गाडी चालवतो, हे तिनं स्वतःच माइकवरून जाहीर केलं होतं. एकेक गाडी निघून गेली. आवारात तिची व्हॅन उरली आणि एक पिकअप ट्रक.

काचेवर टकटक झाली. लायल होता.

“पलीकडे सरका. मी चालवतो. तो तिथं हवा खायला बसलेला नाही.”

ती शेजारच्या सीटवर सरकली.

“माझं मत बदललेलं नाही,” सीट मागं ढकलत तो म्हणाला. “उद्याही हेच बोलेन.”

“बोला,” ती म्हणाली.

फाटकातून जाताना त्यानं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून पोलिसाला ओळख दाखवली. पोलिसानं मान हलवली. पुढं ती वळणं सांगत गेली.

“मार्नीसाठीही असाच फोन आला होता,” तो अचानक म्हणाला. “नाव न सांगता. कोणी केला ते कळलंच नाही. थांबला नाही, फोनही उशिरा केला म्हणून दोन वर्षं मी त्याला शिव्या घालतोय.”

गोठ्यामागच्या आपल्या घराकडे तिनं बोट दाखवलं.

गाडी बंद करून त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली.

“तुमचा ट्रक तर तिकडंच राहिला,” ती म्हणाली. “परत कसे जाणार? मी सोडलं असतं, पण...”

“तुम्ही मला सोडाल, मग मी पुन्हा तुम्हाला आणून सोडेन. रात्र होईल.” पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलं. “तीन मैल तर आहेत. मार्नीजवळ बहीण आहे माझी.”

तो निघाला. त्या रस्त्याला कडेनं चालायला जागा अशी नव्हतीच. समोरून दुधाचा टँकर आला, तसा तो खाली चरात उतरला. वितळल्या बर्फाच्या चिखलात घोटाभर रुतून, अंगावर उडणारं पाणी झेलत, टँकर जाईपर्यंत उभा राहिला. मग हात टेकून वर चढला, पँट झटकली आणि पुन्हा कडेकडेनं चालू लागला.